धोपाव्याच्या बाजूची रांग

भरती रात्री अकरा वीसची होती,
हे आठवतं दौलत जांभारकरमुळे.
फेरीबोटीच्या खोपटीवर तो रोज खडूनं लिहितो,
बोट बंद झाल्यावरसुद्धा.

आमची खोली जेट्टीच्या वर, बर्फाच्या कारखान्यामागे.
एक एसी, सात डबे, लुकलुकणारे हिरवे दिवे,
आणि खाडीखालून दाभोळला जाणारी
केसाएवढी काच.

तिच्यावर आम्ही चार नेटवर्कं कल्पिली आहेत.
कल्पिली, हाच शब्द बरोबर.
दवाखान्याला वाटतं, काच आपली एकट्याची.
बंदर खात्याला वाटतं, आपली.
बँकेला तर खात्रीच आहे.
उरलेल्या गावाला काही वाटत नाही,
ते गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतं.

इम्तियाज पारकर म्हणतो, आगरातला पाट आठव.
पाट एक, पाळी ज्याची त्याची.
पोफळींना पाणी पहाटे कुणाचं, दुपारी कुणाचं,
हे पोरालाही पाठ.
पाळी मोडली की फावडी निघायची.
इथे फावडं निघत नाही.
जागा संपली की पाकिटं टाकून देतो आम्ही,
सेकंदाला हजारोंनी, मुकाट,
आणि ज्याची टाकली त्याला कळतही नाही
की टाकणारा त्याच्याच आळीतला आहे.

त्या रात्री शिमग्याची पालखी नाचत होती.
सगळं गाव फोन उंच धरून
पालखी नालासोपाऱ्याला, विरारला पोचवत होतं.
पडद्यावर चौथी रांग फुगली, मग सांडायला लागली.
त्याच वेळी पलीकडे
भोपणच्या एका बाईच्या छातीत कळ,
आणि तिच्या हृदयाची रेघ शृंगारतळीच्या डॉक्टरकडे निघालेली.
चाळीस मिलिसेकंद. एक्केचाळीस. चाळीस.
पालखीचा धक्का तिला लागला नाही.

लागला तो इम्तियाजच्या लेकीला.
झुबेदा दोह्याहून नवं बाळ दाखवत होती.
'अब्बा'तला 'अ' आला,
'ब्बा' अरबी समुद्रातच कुठेतरी राहिला.
अर्ध्या उघड्या तोंडाची झुबेदा,
बाळाच्या जागी राखाडी चौकोन.
कीबोर्ड त्याच्यापुढेच होता.
एक ओळ लिहायची, लेक वरच्या रांगेत.
मी खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्याला लाज नको.
त्यानं फोन पालथा ठेवला.
"रांग मीच लिवलंय," म्हणाला,
आणि चहा गार झालेला तसाच प्यायला.

इथेच थांबलो असतो तर बरं दिसलं असतं.
पण बाराव्या दिवशी वेलदूरच्या वळणावर
जेसीबीनं गटार खणलं, आणि
चारही नेटवर्कं एकदम गेली.
राखीव मार्गसुद्धा.
पडद्यावर तो निळा, वेगळा, डोंगरावरून जाणारा.
करारात त्याची हमी, नव्व्याण्णव पूर्णांक किती नऊ ते विसरलो.
खड्ड्यात उतरून बघितलं:
निळा आणि लाल, एकाच नळीत,
भावंडांसारखे बिलगून झोपलेले.
कुणीतरी चाळीस मीटर खोदाई वाचवली होती.
कल्पनेत रस्ते दोन. मातीत एकच.

त्या दुपारी दाभोळला एक वरखलकर मास्तर घामेघूम.
नर्सनं ईसीजीची पट्टी घडी करून
मिठाच्या रिकाम्या पिशवीत घातली
आणि जेट्टीवर दौलतच्या हातात दिली.
बोटीत मासळीचा टेम्पो चढत होता, बर्फ गळत होता.
दौलतनं त्याला रिव्हर्स घ्यायला लावलं.
कुणाला विचारलं नाही.
एका पिशवीसाठी रिकामी बोट काढली.
या काठावरून पारकरची मोटारसायकल.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं:
विलंब, बावन्न मिनिटं. गळती, शून्य.
साहेबांनी त्यावर लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं,
ते अजून तसंच आहे.

इम्तियाज हल्ली सुट्टीच्या दिवशी
खांद्याला टेप लावून त्या रस्त्यानं चालतो.
दर शंभर मीटरला सळई खुपसतो,
खाली किती नळ्या आहेत ते ऐकतो.